नवं पान उघडत नाही, तेव्हा...

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

तेरखेड्याचं नाव काढलं की ऐकणाऱ्याला आधी फटाके आठवतात, आणि ते साहजिकच आहे. सोलापूर-धुळे महामार्गानं येरमाळा मागं टाकून बीडच्या दिशेनं निघालं, की वाशी तालुक्यातलं हे गाव लागतं. फटाक्यांच्या कारखान्यांमुळंच ते महाराष्ट्राला ठाऊक झालं. जिल्हा पूर्वीचा उस्मानाबाद, २०२३ पासून धाराशिव. मला मात्र आज फटाक्यांबद्दल बोलायचं नाही. बोलायचं आहे ते संगणकाच्या पडद्यावर नवं पान उघडताना उमटणाऱ्या एका इंग्रजी ओळीबद्दल. तरीही बोलता बोलता मी फटाक्यांच्या शेडपाशी येणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

काही वर्षांपूर्वीची जुलैअखेरची गोष्ट. खरिपाच्या पीकविम्याची मुदत दोन दिवसांवर आली होती. भावाच्या सोयाबीनचा विमा भरायचा म्हणून मी गावातल्या एका सेवा केंद्रात रांगेत बसलो होतो. प्रत्येकाच्या हातात तीच पिशवी आणि पिशवीत तेच कागद. सातबारा, आठ-अ, आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि पीकपेऱ्याचं स्वयंघोषणापत्र. माझ्या पुढं सत्तरीतले एक शेतकरी होते. त्यांचा अर्ज भरून झाला, पैसे गेले, आणि केंद्र चालवणाऱ्या मुलानं पावतीचं बटण दाबलं. पावती नव्या टॅबमध्ये उघडायची होती. टॅब उघडला. पण आत पावती नव्हती. एक उदास चेहऱ्याचं चित्र आणि खाली इंग्रजीत दोन ओळी.

“काय म्हणतंय रं ते?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“एरर यायलाय, आबा.”

पोरानं पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मग त्यानं संगणक बंद करून चालू करायला हात पुढं केला. तेव्हा आबांनी जो प्रश्न विचारला, तो माझ्या डोक्यातून आजही गेलेला नाही. ते म्हणाले, “पैसे तर गेले. मग आता चूक कुणाची म्हणायची? माझी, तुझी, का सरकारची?”

मी गप्प बसलो. वास्तविक मी अनेक वर्षं संगणक शिकवण्याचं काम केलेलं. २००१ नंतर एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगाव निघाले, तेव्हापासून मी शेकडो मुलांना माउस धरायला शिकवलं. पण पडद्यावर चूक दिसली की काय करायचं, याचं माझं उत्तर एकच असे, “बंद करून चालू करा.” ती ओळ वाचायची असते, ती काहीतरी सांगत असते, हे मी कधी कुणाला शिकवलंच नाही.

त्या दिवशी आबांच्या पावतीचं काय झालं, ते शेवटी सांगतो. आधी त्यांच्या प्रश्नाकडे वळू. चूक कुणाची, हे ठरवायचं तर ती ओळ आली कुठून, तिच्यामागं कोणता इतिहास आहे, हे पाहावं लागतं.

वर्ल्ड वाइड वेबची सुरुवात जिनिव्हाजवळच्या सेर्न या प्रयोगशाळेत झाली. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस पहिला ब्राउझर लिहिला. १९९१ मध्ये वेब बाहेरच्या जगाला खुलं झालं आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सेर्ननं ते कुणालाही विनामूल्य वापरता येईल असं जाहीर केलं. त्याच वर्षी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी मोझॅक हा ब्राउझर तयार केला. मजकुराच्या शेजारीच चित्र दिसू लागलं आणि सामान्य माणूस वेबकडे वळला. १९९४ च्या अखेरीस नेटस्केप आला, १९९५ च्या ऑगस्टमध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर. त्याच महिन्यात, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं.

चुकीच्या ओळींचा इतिहास वेबइतकाच जुना आहे. ब्राउझर आणि दूरचा संगणक, म्हणजे सर्व्हर, यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम ठरले, तेव्हाच काही बिनसलं तर कोणता आकडा सांगायचा हेही ठरलं. १९९६ च्या मे महिन्यात हे नियम लेखी स्वरूपात प्रसिद्ध झाले. आकड्यांची रचना मोठी समंजस आहे. पहिला अंक चार असेल तर मागणीत खोट आहे. पत्ता चुकला असेल, परवानगी नसेल, पान हलवलेलं असेल. पहिला अंक पाच असेल तर तुमची मागणी ठीक आहे, पण देणाऱ्याचं बिघडलं आहे. ४०४ म्हणजे ते पान इथं नाही. ५०३ म्हणजे सर्व्हर आत्ता सेवा देऊ शकत नाही, बहुधा गर्दी झाली आहे. सेर्नमध्ये ४०४ क्रमांकाची खोली होती म्हणून हा आकडा पडला, अशी एक गोष्ट सांगितली जाते. बर्नर्स-ली यांचे सहकारी रॉबर्ट कायो यांनी ती खोटी असल्याचं सांगितलं आहे.

मला या आकड्यांमध्ये आबांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर दिसतं. चूक कुणाची हे सांगण्याची सोय पहिल्यापासूनच केलेली होती. चार म्हणजे आपल्या बाजूला पाहा, पाच म्हणजे तिकडच्या बाजूला. शिवाय आणखी एक गोष्ट. आकडा आला, याचाच अर्थ आपला निरोप दूरच्या सर्व्हरपर्यंत पोचला आणि त्याचं उत्तर परत आलं. म्हणजे तार, मोडेम, रेंज सगळं ठीक आहे. आकडा न येता ‘सर्व्हर सापडला नाही’ असं काही आलं, तर निरोप वाटेतच अडकला आहे. जुलैअखेरीला पाचाचा आकडा पडद्यावर असताना आपला संगणक दहा वेळा बंद-चालू करणारी माणसं मी पाहिली आहेत. गर्दी तिकडं, आणि शिक्षा इकडच्या यंत्राला!

आता टॅबकडे येऊ. २००० च्या आसपास बार्शी, उस्मानाबादच्या सायबर कॅफेत ज्यांनी बारावीचे निकाल पाहिले असतील, त्यांना आठवेल. दुसरं पान पाहायचं तर नवी खिडकी उघडायची. चार खिडक्या उघडल्या की यंत्र धापा टाकू लागे. एकाच खिडकीत अनेक पानं ठेवावीत, वहीच्या कडेला खुणेच्या पट्ट्या लावाव्यात तशी, ही कल्पना तशी जुनी. १९९४ मध्ये बुकलिंक या कंपनीच्या इंटरनेटवर्क्स ब्राउझरमध्ये ती दिसली. १९९७-९८ च्या सुमारास अ‍ॅडम स्टाइल्स यांच्या नेटकॅप्टरनं ती पुढं नेली. २००१ मध्ये मोझिलात टॅब आले, ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली आणि टॅब लोकांच्या हातात रुळले. सगळ्यात जास्त वापरला जाणारा इंटरनेट एक्स्प्लोरर मात्र २००६ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत टॅबशिवायच होता.

टॅब आले, पण एक धोका घेऊन आले. सगळी पानं एकाच प्रक्रियेत, म्हणजे एकाच छपराखाली चालत. एका पानात काही बिघडलं की सगळा ब्राउझर कोसळे. तासभर भरलेला अर्ज, उघडं ठेवलेलं पत्र, सगळं एका क्षणात जाई. २००५-०६ मध्ये माझ्या वर्गात एखादं पोरगं ओरडलं, “सर, गेलं!” की काय गेलं ते मला विचारावं लागत नसे.

आणि इथं आपण फटाक्यांच्या शेडपाशी आलो. तेरखेड्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. फटाक्यांचा कारखाना एका मोठ्या इमारतीत नसतो. लहान लहान शेड असतात आणि दोन शेडमध्ये मोकळं अंतर सोडलेलं असतं. एका शेडमध्ये किती माणसं, किती माल, आणि दोन शेडमध्ये किती अंतर, यासाठी २००८ चे स्फोटके नियम आहेत. कारण सरळ आहे. एका ठिकाणी ठिणगी पडली तर तेवढंच जावं, बाकीचं वाचावं.

योगायोग असा की, त्याच २००८ सालच्या सप्टेंबरमध्ये गूगलनं क्रोम ब्राउझर आणला आणि त्यात नेमकं हेच केलं. प्रत्येक टॅबला शक्यतो स्वतंत्र प्रक्रिया दिली. एक टॅब पडला तर तेवढाच पडेल, बाकीचे चालू राहतील. पडलेल्या टॅबच्या जागी एक उदास चेहरा आणि ‘ऑ, स्नॅप!’ अशी ओळ येई. आपल्याकडे हातातून कपबशी निसटली की आपण ‘अरेरे’ म्हणतो, तशातलाच हा उद्गार. २००९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोररच्या आठव्या आवृत्तीनं हाच मार्ग धरला. फायरफॉक्सला तिथं पोचायला २०१६ साल उजाडलं.

पण शेड लांब लांब बांधायच्या तर जमीन जास्त लागते. संगणकाची जमीन म्हणजे त्याची मेमरी. प्रत्येक टॅब वेगळा राखायचा तर प्रत्येकाला वेगळा तुकडा द्यावा लागतो. नव्या यंत्रात ही जमीन मुबलक असते. जुन्या, दोन जीबी मेमरीच्या यंत्रात वीस-पंचवीस टॅब उघडे राहिले की नव्या टॅबला पाय ठेवायला जागा उरत नाही. मग तोच उदास चेहरा येतो आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, मेमरी संपली. ज्या युक्तीनं अपघात आवरला, तिचंच हे भाडं आहे. आणि गावाकडं जुनी यंत्रं जास्त, म्हणून हे भाडं गावाला जास्त बसतं.

उदास चेहऱ्याचं कारण दर वेळी मेमरीच असतं असं मात्र नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात क्रोमची अठ्ठ्याहत्तरावी आवृत्ती आली. टॅबच्या प्रक्रियेत परक्या सॉफ्टवेअरला शिरू न देण्याची एक नवी सोय तिच्यात होती. अनेक कार्यालयांत एका सुरक्षा सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती नेमकी तिथंच शिरत असे. परिणाम असा झाला की तिथं उघडेल तो प्रत्येक टॅब पडू लागला. राखणीला ठेवलेले दोघेजण एकमेकांनाच चोर समजले, असा हा प्रकार. पुढच्याच महिन्यात क्रोममधल्या एका प्रयोगामुळं अनेक कंपन्यांतल्या कर्मचाऱ्यांच्या पडद्यावरचे टॅब कोरे पांढरे झाले. गूगलला तो प्रयोग मागं घ्यावा लागला. १३ जानेवारी २०२२ रोजी तर जगभरातल्या फायरफॉक्स वापरणाऱ्यांना एकही पान उघडेना. सर्व्हरशी बोलण्याची एक नवी पद्धत फायरफॉक्समध्ये होती. तिच्यात एका शीर्षकाची अक्षरं मोठी की लहान या फरकावरून प्रोग्रॅम गोंधळला आणि एकाच जागी गरगर फिरत राहिला. तीनही वेळा घरच्या किंवा कार्यालयातल्या वापरणाऱ्या माणसानं काहीही चुकीचं केलेलं नव्हतं. तरी त्या दिवशी कितीतरी जणांनी स्वतःलाच दोष दिला असेल.

आता घड्याळाची गोष्ट. ही मला आपल्या भागातली वाटते. १९९५ मध्ये नेटस्केपनं वेबवरचं बोलणं कुलूपबंद करण्याची पद्धत आणली. पुढं पत्त्याच्या शेजारी कुलपाचं चित्र दिसू लागलं. संकेतस्थळ खरं आहे याचा दाखला ब्राउझर तपासतो आणि त्या दाखल्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे दाखला खरा की मुदत संपलेला, हे ब्राउझर आपल्या संगणकाच्या घड्याळावरून ठरवतो. घड्याळ चालू राहावं म्हणून संगणकात रुपयाएवढी एक बटण-बॅटरी असते. ती चार-पाच वर्षांत संपते. मग वीज गेली की घड्याळ कित्येक वर्षं मागं जातं. भारनियमनाच्या त्या दिवसांत आमच्या वर्गातले संगणक रोज सकाळी उठत ते मागच्या कुठल्या तरी सालात. बँकेचं पान उघडलं की लाल अक्षरात इशारा येई, ‘हे कनेक्शन सुरक्षित नाही’. मुलं घाबरत, मीही घाबरत असे. वाटे, कुणीतरी यंत्रात शिरलं. खरं दुखणं त्या छोट्या बॅटरीचं होतं.

उलटही घडलं. ३० सप्टेंबर २०२१ रोजी असंख्य संकेतस्थळांचे दाखले ज्यावर टेकलेले होते, त्या एका मूळ दाखल्याचीच मुदत संपली. नव्या यंत्रांना त्याजागी दुसरा दाखला आधीच मिळालेला होता. जुनी, अद्ययावत न केलेली यंत्रं मात्र काल चालत होती आणि आज अनेक पानं उघडेनात. त्यांचं घड्याळ बरोबर होतं. जग पुढं गेलं होतं.

जग असं वारंवार पुढं जातं आणि मागं राहिलेल्यांना तो बिघाड वाटतो. मराठी वाचकाला याचा अनुभव फार जुना आहे. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ मध्येच जागा मिळाली होती. विंडोजमध्ये देवनागरीची सोय २००० सालच्या आवृत्तीपासून आली. पण त्याआधीच मराठी मजकूर वेबवर येऊ लागला होता आणि ज्याचा त्याचा फाँट वेगळा होता. इंटरनेट एक्स्प्लोररला कळणारे फाँट फायरफॉक्सला कळत नसत. तेच मराठी पान एका ब्राउझरमध्ये सुरेख दिसे आणि दुसऱ्यात रोमन अक्षरांची उकिरडा उपसल्यासारखी रांग. आम्ही मुलांना सांगत असू, “मराठी वाचायचं तर निळ्या ई वरच टिचकी मारा.” हा सल्ला त्या वेळी कामाचा होता. पण त्यामुळं एकाच ब्राउझरला चिकटून राहायची सवय जडली, ती पुढं महागात पडली.

देशभरातल्या अनेक कचेऱ्यांची संकेतस्थळंही त्या निळ्या ई साठीच लिहिली गेली. डिजिटल सही करायला जावाचा एक जोडप्रोग्रॅम लागे. क्रोमनं असे जोडप्रोग्रॅम २०१५ च्या सप्टेंबरात बंद केले, फायरफॉक्सनं २०१७ च्या मार्चमध्ये. फ्लॅश २०२० च्या अखेरीस गेला. आणि १५ जून २०२२ रोजी खुद्द इंटरनेट एक्स्प्लोररच निवृत्त झाला. प्रत्येक वेळी कुठल्या ना कुठल्या टेबलावर एक नवा टॅब कोरा उघडला आणि रांगेतल्या माणसाला ऐकावं लागलं, “उद्या या.” क्रोमनं २०१६ च्या एप्रिलमध्ये विंडोज एक्सपीची साथ सोडली आणि २०२३ च्या सुरुवातीला विंडोज सातची. ज्याला नवं यंत्र परवडत नाही, त्याच्यासाठी ही कॅलेंडरवरची तारीख नसते. त्याच्या धंद्याला लागलेली ती घरघर असते.

पावती न उघडण्याचं आणखी एक कारण सांगतो, कारण ते सगळ्यात जास्त वेळा भेटतं. नव्वदच्या दशकात जाहिरातीची खिडकी आपोआप उघडण्याची युक्ती निघाली. ट्रायपॉड या संकेतस्थळासाठी तिचा प्रोग्रॅम लिहिणारे ईथन झुकरमन यांनी २०१४ मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. लोक वैतागले, म्हणून ब्राउझरनी अशा खिडक्या अडवायला सुरुवात केली. २००४ च्या ऑगस्टमध्ये विंडोज एक्सपीच्या सुधारित आवृत्तीबरोबर ही अडवणूक इंटरनेट एक्स्प्लोररमध्येही आली. तेव्हापासून पावती, हॉल तिकीट, दाखला असं काहीही नव्या खिडकीत उघडायचं असेल तर ब्राउझरला कधी कधी तीही जाहिरातच वाटते. पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला एक छोटं चिन्ह येतं. तिथं टिचकी मारून परवानगी दिली की पावती उघडते. ते चिन्ह ज्याला माहीत नाही, तो पुन्हा पुन्हा बटण दाबत राहतो.

नव्या टॅबची कोरी जागाही फार काळ कोरी राहिली नाही. २००७ मध्ये ऑपेरानं तिथं आवडीच्या पानांचे चौकोन मांडले. मग सर्वांच्या लक्षात आलं की माणूस दिवसातून शंभर वेळा जिथं पाहतो, ती जागा मोलाची आहे. फुकटच्या सॉफ्टवेअरबरोबर आगंतुक पट्ट्या येऊ लागल्या आणि नवा टॅब आपल्याच पानाकडे वळवू लागल्या. असा पाहुणा निघून गेला, किंवा त्याचं पान बंद पडलं, तरी वळवलेला रस्ता तसाच राहतो आणि प्रत्येक नव्या टॅबला चूक दिसते. ब्राउझरमधली जोडलेली एक्स्टेन्शन एकेक करून बंद केली की चोर सापडतो.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, एवढं लक्षात ठेवायचं कसं? त्याची गरज नाही. चार प्रश्न पुरतात. पहिला, एकच पान उघडत नाही की सगळीच? एकच असेल तर दुखणं बहुधा तिकडं. दुसरा, तेच पान शेजारच्या मोबाइलवर, मोबाइलच्याच डेटावर उघडतं का? तिथंही उघडत नसेल तर आपल्या यंत्राला हात लावू नका. तिसरा, तेच पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये, किंवा याच ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडतं का? उघडत असेल तर दोष जोडलेल्या एक्स्टेन्शनमध्ये किंवा साठवून ठेवलेल्या जुन्या माहितीत आहे. चौथा, कोपऱ्यातल्या घड्याळात आजचीच तारीख आहे का? या चार प्रश्नांनंतर यंत्र बंद करून चालू करायला माझी हरकत नाही. पण तो उपाय शेवटचा. कारण त्यानं कधी कधी दुखणं जातं आणि कारणही जातं. मग पुढच्या वेळी आपण पुन्हा तिथंच.

आता आबांच्या पावतीकडे येतो. पोराचा हात बटणाकडे गेला होता. तेवढ्यात त्याची पुतणी, दहावीतली मुलगी, चहा घेऊन आली. तिनं पडद्याकडं पाहिलं, ती बारीक ओळ वाचली आणि म्हणाली, “काका, सकाळपासूनचे सगळ्यांचे सातबारे तसेच उघडे ठेवलेत की हो! जागा कुठनं राहील?”

तिनं एकेक टॅब बंद करायला सुरुवात केली. प्रत्येक टॅब म्हणजे सकाळपासून येऊन गेलेला एकेक माणूस. कुणाचं पासबुक, कुणाचा फेरफार. विम्याचा टॅब तेवढा तिनं राखला, कारण तो बंद झाला असता तर पुन्हा आत शिरायला किती वेळ लागला असता कोण जाणे. मग तिनं आबांनाच विचारलं, “आबा, दाबू का?” आणि पावतीचं बटण दाबलं. पावती उघडली. प्रिंटरमधून कागद सरकत बाहेर आला. आबांनी तो वाचला नाही, घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला आणि वरून दोनदा थोपटला.

जाताना मी त्यांना गाठलं. म्हटलं, “आबा, तुम्ही विचारलं होतं ना, चूक कुणाची? तुमची नव्हती.”

“मला ठावं होतं ते,” आबा म्हणाले. “पर कुणीतरी सांगाया पायजे का नको?”

त्या रात्री मी घरी एका कागदावर हे चार प्रश्न मोठ्या अक्षरात मराठीत लिहिले आणि दुसऱ्या दिवशी त्या केंद्रात संगणकाच्या वर चिकटवले. माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवण्यात राहून गेलेला तो धडा होता. पुढच्या जुलैत पुन्हा गेलो तेव्हा कागद पिवळा पडला होता, कोपऱ्यावर चहाचा डाग होता. आणि माझ्या चार प्रश्नांच्या वर, कुणीतरी पेननं शून्य असा आकडा घालून एक प्रश्न वाढवला होता, ‘लाईट आहे का?’

तो प्रश्न मला सुचला नव्हता. गावानं तो बरोबर जागी, सगळ्यात वर लिहिला होता.